मागचे पत्रे गंजलेत: खर्च करायचा की गाडी बदलायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पिकअप 17 वर्षांची, इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत. हौद्याचे दोन्ही बाजूंचे पत्रे मात्र मागच्या चाकांच्या कमानीवर गंजून आरपार गेलेत. गाडीची आजची किंमत 100 धरली, तर तुम्हाला सांगितलेला पत्रे बदलून रंगवण्याचा खर्च 45 होतो, पुट्टी भरून रंग मारण्याचा 8 आणि दुसऱ्या गाडीचा न गंजलेला हौदा आणून बसवण्याचा 30. चौथा पर्याय म्हणजे ही विकून नवी घ्यायची. त्यासाठी 300 चं कर्ज, 10 टक्के दर, मुदत 5 वर्षं. हाताशी बचत आहे 5 महिन्यांच्या घरखर्चाइतकी, आणि त्यातले 2 महिने म्हणजे बरोबर 45. मालवाहतूक याच गाडीवर चालते.

माझं मत स्पष्ट आहे: कर्ज आत्ता नको आणि पुट्टी तर नकोच. पत्रे की हौदा, हे मात्र चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) तपासल्याशिवाय ठरवू नका. तोवर कोणाला आगाऊ रक्कमही देऊ नका.

आधी कर्जाचा हिशोब. 300 चा हप्ता महिन्याला सुमारे 6.4 पडेल आणि 5 वर्षांत नुसतं व्याज 82 च्या आसपास जाईल. पत्र्यांचे 45 म्हणजे जेमतेम 7 हप्ते. नव्या गाडीची 5 वर्षांनंतर काही किंमत उरेल, दुरुस्तीही कमी निघेल, हे खरं. पण हप्ता मंदीचा महिना बघत नाही, आणि तुमची बचत एवढी नाही की चार महिने काम थंडावलं तर घर आणि हप्ता दोन्ही निघतील. जुन्या गाडीच्या इतर दुरुस्तीसाठी महिन्याला 1.5 बाजूला टाकलात तरी तुम्ही हप्त्याच्या पावपटीतच राहता.

पुट्टीचे 8 स्वस्त वाटतात. पण गंज बाहेरून आत गेलेला नाही, आतून बाहेर आलाय. कमानीच्या आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा जिथे दुमडून जोडलेत, त्या खाचेत चिखल साठतो आणि ओलावा धरून ठेवतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो. वरून पुट्टी भरली की तिला मागे धरायला धातूच नसतो. मागून ओल येत राहते, पुट्टी ती शोषते आणि कड उचलली जाते. मग तेच 8 पुन्हा, आणि भोक आधीपेक्षा मोठं.

आता चासी. हे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचं आहे. गाडी लिफ्टवर किंवा भक्कम स्टँडवर घ्या; नुसत्या जॅकवर ठेवून कोणीही खाली जाऊ नये. मागच्या ॲक्सलवरचा चासीचा वाकलेला भाग, पाट्यांचे (मागच्या पट्टी-स्प्रिंगांचे) हँगर आणि शॅकल जिथे जोडलेत त्या जागा, आणि इंधनाच्या टाकीचे पट्टे हातोडीने ठोकून बघायला सांगा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे गळतात. संशय आला तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा. पाट्याच्या हँगरजवळ ते आत घुसलं, तर पत्र्यांचा विषय तिथेच संपला. अशा गाडीवर 45 घालणं म्हणजे ज्या भिंतीला पाया नाही तिला रंग देणं. मग ती आहे तशी, दोष सांगून विका आणि थोडी वापरलेली, कमी कर्जाची गाडी शोधा.

चासी धड निघाली, तर माझा कल हौदा बदलण्याकडे आहे. बहुतेक पिकअपचा हौदा चासीला 6 किंवा 8 बोल्टनी बांधलेला असतो. टाकीच्या तोंडाची नळी, मागच्या दिव्यांची वायर आणि अर्थिंग सोडवलं की तो उचलता येतो. बोल्ट मात्र गंजून अडकलेले असणार. आदल्या दिवशी गंज सुटायचं तेल सोडून ठेवावं लागतं, तरीही एक-दोन कापावे लागतील असं धरून चाला. टाकीजवळ ग्राइंडर किंवा गॅस कटर चालवू देऊ नका. जुना हौदा घेताना लांबी, बोल्टांच्या भोकांची जागा आणि टाकीचं तोंड कोणत्या बाजूला आहे हे मोजून घ्या. कमानीची आतली कड, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दाराच्या) बिजागऱ्या आणि तळाचे आडवे पट्टे बोटांनी चाचपा. चकचकीत रंगावर जाऊ नका.

शिवाय हौदा उतरला की ब्रेकचे पाइप, इंधनाचे पाइप, पंपाची वरची बाजू आणि चासीचा वरचा भाग उघडा पडतो. एरवी तासन्‌तास लागणारी कामं तेव्हा पटकन होतात. गंजलेला ब्रेक पाइप दिसला तर तेव्हाच बदला. त्यासाठी 30 च्या वर 8 ते 10 राखून ठेवा.

चांगला हौदा मिळालाच नाही, तर पत्रे. इथे पैसा पत्र्यात कमी आणि मजुरीत व रंगात जास्त जातो, म्हणून अंदाजपत्रक तीन भागांत फोडून मागा. मूळ कंपनीचे नसलेले पत्रे कधीकधी पातळ असतात आणि कड जुळत नाही. वेल्डिंगआधी ते स्क्रूवर बसवून फाळक्याची आणि दिव्याची फट तपासायला सांगा. वेल्डिंग झाल्यावर चूक महागात पडते. जुने स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे वेल्डिंगचे जोड) ड्रिलने काढायचे आणि जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांवर वेल्डिंग चालेल असा जस्ताचा प्रायमर द्यायचा. मग टाके एका सरळ ओळीत न मारता, जागा बदलत, थांबत थांबत मारायचे. सलग मारले तर पातळ पत्रा तापून लहरी पडतात आणि त्या झाकायला पुट्टीचे थर चढतात. शेवटी सांध्यावर सीलर आणि रंग वाळल्यावर पोकळीत आतून मेण. हे मेण अंदाजपत्रकात बहुधा नसतं, आणि ते नसेल तर नवा पत्राही आतूनच गंजायला लागतो. गाडी पाण्याच्या फवाऱ्याने धुताना कमानीची आतली बाजू धुवा, तळाची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

पैशांची मांडणी अशी करा. बचत 3 महिन्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. हौदा आणि राखीव मिळून 40 पर्यंत होतात, म्हणजे या मर्यादेत बसतं. पत्र्यांचे 45 बरोबर कडेवर येतात. वर काही निघालं तर मर्यादा मोडते. म्हणून पत्र्यांचा मार्ग घ्यायचा असेल, तर आधी दोन-तीन महिने राखीव साठवा. गाडी जितके दिवस उभी राहील तितक्या दिवसांची कमाईही खर्चात धरा. पत्र्यांच्या कामाला कापणं, जोडणं, रंग, वाळवणं असे टप्पे असतात, हौदा त्यामानाने लवकर बसतो. तुमच्या धंद्यात हा फरक 45 आणि 30 मधल्या फरकाइतकाच जड ठरू शकतो. विम्याची आशा धरू नका, गंज सहसा झिजेत मोडतो. आणि घातलेले 45 विकताना 45 होऊन परत येतील असंही समजू नका. त्यातला थोडाच भाग परत येतो. तुम्ही विकत घेताय ती पुढची चार वर्षं, वर्षाला 11 च्या दराने. हौद्याच्या मार्गाने राखीव धरूनही 10 च्या आत.

काम देण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या: उघडल्यावर जादा गंज सापडला तर तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि वेल्डिंग झाल्यावर, रंग लागण्याआधी, तुम्ही येऊन बघणार.