‘मुलगा भुताखेतांच्या जगात राहतो’

“मॅडम, याच्या डोक्यावर परिणाम तर झाला नसेल ना?” मुलाला बाहेर बसवून आईने आधी हेच विचारलं. दहावीला ९६ टक्के, आता अकरावी सायन्स, जेईईचा क्लास. आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत वहीत भुतांच्या गोष्टी. सहामाहीत गणितात जेमतेम पास. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ही काळजी घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे बरेच पालक येतात. कुणाची मुलगी ॲनिमेत बुडालेली असते, कुणाचा मुलगा गेममध्ये. मी आधी एवढंच पाहते की मुलाला खरं आणि मनातलं यातला फरक कळतो का. नसलेले आवाज ऐकू येतात का, कुणी आपल्या वाईटावर आहे असं वाटतं का, झोप, जेवण, अंघोळ सुटलीय का. यातलं काही असेल तर समुपदेशकाकडे वेळ न घालवता मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. जवळपास कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. दिवास्वप्नं इतकी वाढतात की रोजचं जगणंच अडतं, अशा अवस्थेचं वर्णन एली सोमर या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने २००२ साली केलं. पण निदानाच्या अधिकृत याद्यांत ती अवस्था अजून आजार म्हणून नाही. इंटरनेटवर वाचून मुलाला तेवढं लेबल लावून आणू नका, ही माझी हात जोडून विनंती.

या मुलाला फरक चांगलाच कळत होता. “मॅडम, भुतं नसतात हो,” तो मलाच समजावत होता. दुसऱ्या भेटीत त्याने वही आणली. काय झकास जग होतं! पुणंच, पण अंधार पडला की वेताळ टेकडीवर वेताळाचा दरबार भरतो, पेठांतल्या पिंपळांवर मुंजांची हद्द ठरलेली, एका जुन्या वाड्याची मालकीण हडळ, आणि ती भाडं वेळेवर मागते. नायक मात्र घरोघर जेवण पोचवणारा साधा पोरगा. मंत्र नाही, तंत्र नाही, पूर्वजन्मीचं वरदानही नाही. वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्यासाठी नियम होते:

“रात्री एका हाकेला ओ द्यायची नाही. कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही. चकवा लागला की चालत सुटायचं नाही. गाडी स्टँडला लावायची, खाली बसायचं, उजाडू द्यायचं.”

हे शेवटचं त्याला कोकणातल्या आजीने सांगितलेलं. मी विचारलं, “याला एखादी तरी शक्ती का नाही दिलीस?”

“शक्ती असती तर प्रत्येक वेळी यालाच पुढे पाठवलं असतं ना.”

मुलं अशा गोष्टींत रमतात ती आपणही कुणीतरी खास असावं म्हणून, असं आपण धरून चालतो. इथे उलटं होतं. दहावीच्या निकालापासून हा घरात, सोसायटीत, क्लासच्या फ्लेक्सवर ‘आमचा टॉपर’ होता. आयआयटीतल्या चुलतभावाचं नाव रोज जेवताना निघायचं. ज्याच्याकडून कुणालाच कसलीही अपेक्षा नाही, अशी एकच जागा त्याला उरली होती, ती त्या वहीत. हे मी त्याला उलगडून सांगत बसले नाही. पोरांना आपल्या गोष्टीचा अर्थ दुसऱ्याने सांगितलेला आवडत नाही, आणि बरोबर आहे त्यांचं.

त्याचेच नियम मात्र वापरले. गणिताचा पेपर समोर आला की याचं डोकं बधिर व्हायचं आणि तो एकाच उदाहरणाभोवती घिरट्या घालत राहायचा. “तुझा पोरगा इथे काय करेल?” “गाडी स्टँडला लावेल.” म्हणजे पेन खाली, पाय जमिनीवर टेकलेले, चार-पाच सावकाश श्वास, मग पुढचं उदाहरण. आधीचं तिथेच सोडायचं. सराव त्याने घरी घड्याळ लावून केला. लिहिणं बंद केलं नाही, फक्त वेळ बदलली: संध्याकाळी जेवणाआधी तासभर, आणि साडेदहाला वही आईच्या कपाटात. झोप सुधारली तशी चिडचिडही कमी झाली.

पालकांशी बोलणं याहून अवघड गेलं. ‘टॉपर’ हा शब्द घरात वापरायचा नाही, एवढं आईने लगेच मान्य केलं. जेईई सोडून फक्त सीईटी द्यायची, हे मुलाने स्वतः मांडलं तेव्हा वडील म्हणाले, “मग एवढी फी भरली ती कशाला?” त्यांची घालमेल मला कळते, ते पैसे कर्ज काढून भरलेले आहेत. तो तिढा अजून सुटलेला नाही. पुढच्या भेटीला ते एकटे येणार आहेत.

आईने मुलाला विचारून वही वाचली. मला फोन करून म्हणाली, “मॅडम, त्या हडळीच्या तोंडी सगळी माझीच वाक्यं आहेत हो!” मग जरा थांबून, “पण शेवटी भाडं माफ करते ती.”