कोटेशन आलंय, आता कुठे कापायचं?

प्रश्न: सर, मी भांडुपला राहतो, बीएमएमला आहे. गेमिंग तर आहेच, पण गणपतीच्या आगमनांचे व्हिडिओ पण फोरकेमध्ये फोनवर शूट करून एडिट करतो. मॉनिटर सोडून बाबांनी १ लाख २० हजार मंजूर केलेत. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटमधून कोटेशन आणलंय: आय७ १४७००एफ, ३६०चा लिक्विड कूलर, १६ जीबीची एकच रॅम, आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ५१२ची एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, आरजीबी कॅबिनेट एसएमपीएससकट (म्हणजे पॉवर सप्लाय). घेऊ का?

उत्तर: नको रे बाबा. हे कोटेशन ऐकायला भारी आहे, आय७ म्हटलं की घरचे पण खूश, पण सगळा पैसा प्रोसेसर, कूलर आणि लायटिंगमध्ये गेलाय आणि ग्राफिक्स कार्ड बिचारं कोपऱ्यात. गेमला पण ते पुरणार नाही आणि फोरकेच्या टाइमलाइनवर दोन-चार इफेक्ट चढवले की कार्डाची ६ जीबी मेमरी फुल होऊन सॉफ्टवेअर रडायला लागतं.

प्रोसेसर रायझन ५ ७६०० घे. ६ कोर आहेत, पंखा बॉक्समध्येच येतो, म्हणजे लिक्विड कूलरचे पैसे सरळ वाचले. शिवाय त्याचं एएम५ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती खाच, २०२२चं आहे आणि एएमडीने २०२७पर्यंत तरी सपोर्टचा शब्द दिलाय, तर पुढे बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. १४७००एफ त्याच्या सॉकेटच्या शेवटच्या पिढीतला. बोर्ड बी६५०चा साधा चालेल.

वाचलेले पैसे कार्डात घाल. आरटीएक्स ५०६० टीआय, पण १६ जीबीचंच. इथे नीट बघ, हेच नाव ८ जीबीच्या कार्डाला पण आहे, दुकानदार फोनवर नुसतं 'फिफ्टी सिक्स्टी टीआय' बोलतो आणि भाव कमी ऐकून आपण खूश होतो. बॉक्सवर १६जी वाचल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. एक्सपोर्टचं बरंचसं काम कार्डातला एन्कोडर, म्हणजे व्हिडिओची फाइल बनवणारा भाग, करू शकतो, त्यासाठी आय७ लागत नाही.

रॅम १६-१६च्या दोन स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, आणि बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारं सेटिंग) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमचा पूर्ण स्पीड, चालू कर, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वर चालत राहते आणि वर्षभर कोणाला पत्ता नसतो. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव जे चढले त्यात बजेट हललं तर ८-८वर थांब, रॅम नंतर विकून बदलता येते, कार्ड परत परत बदलवत नाही.

कॅबिनेटसोबत येणारा बिननावाचा एसएमपीएस मात्र अजिबात नको. चांगल्या कंपनीचा ६५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ रेटिंगवाला वेगळा घे. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई. हार्ड डिस्क जुन्या फुटेजपुरती, तिच्यावरून एडिट करू नकोस.

आणि हो, 'बिल नको, थोडं कमी करतो' म्हटलं तरी १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिलच घे, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून, वॉरंटीला तोच कागद लागतो. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद असतात.

तुला अजून एक गोष्ट छळणार आहे, ती पार्टची नाही. बहुतेक फोन व्हिडिओ बदलत्या फ्रेमरेटने, म्हणजे सेकंदाला कमीजास्त चित्रं घेत, रेकॉर्ड करतात, त्यामुळे ढोलाचा आवाज आणि पडद्यावरची काठी मिनिटभराने वेगळ्या पडतात. फुटेज आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेटवर काढून घे, फुकट आहे.

प्रश्न: गिरगावातून लिहितेय. आय५ १०४००, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५०. एडिटिंगला फोरके अडकतं. नवीनच घ्यावा लागेल का?

उत्तर: नाही हो ताई, इतक्यात नको. आधी प्रॉक्सी बनवून बघा, म्हणजे एडिट करताना हलकी फाइल वापरायची आणि एक्सपोर्टला ओरिजिनल, याला एक रुपया लागत नाही. मग तशीच डीडीआर४ची दुसरी ८ जीबी स्टिक टाका, सेकंडहँड पण चालेल, फक्त दुकानातच लावून चालवून घ्या. आणि मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला आहे ना हे मागे वाकून बघाच, बोर्डाच्या पोर्टला लावलेली निघते बऱ्याचदा.