लाइट नाही, नळ नाही, मग राहायचं कसं?

प्रश्न : ताई, आम्ही चौघं चार दिवस जंगलातल्या केबिनमध्ये राहणार आहोत, तिथे फक्त सोलर, पाण्याची टाकी आणि कंपोस्ट टॉयलेट (पाणी न ओतता मैला कुजवून खत करणारं) आहे. निभेल का?

उत्तर : निभेल की, पण सवयी थोड्या बदलाव्या लागतील. सोलरवर दिवे आणि मोबाइल आरामात चालतात, खरा घोळ होतो तो गरम करणाऱ्या वस्तूंनी. इलेक्ट्रिक किटली किंवा हेअर ड्रायर दीड हजार वॉटच्या आसपास खेचतो, मोबाइल चार्जर जेमतेम १०-२०, म्हणजे एका किटलीने रात्रीचे दिवे घालवलेच समजा, त्यामुळे पाणी गॅसवरच तापवा आणि चार्जिंग दुपारी ऊन असताना उरकून घ्या. पाणी टाकीतलं असलं तरी प्यायचं ते खळखळून उकळी आल्यावर निदान १ मिनिट तसंच उकळू द्या, फार उंचावर असाल तर ३ मिनिटं. भांडी आधी कागदाने पुसून मग धुवा, निम्म्या पाण्यात होतात.

टॉयलेटची उगाच धास्ती घेऊ नका. दरवेळी वरून मूठभर भुसा टाकायचा, झाकण लावायचं, वास येत नाही. ओला वाइप मात्र आत टाकायचा नाही, तो कुजत नाही.

आणि हे कळकळीने सांगते, थंडी वाजली म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेत कळतही नाही.