विद्यापीठाच्या बृहत् आराखड्याच्या समितीवर पहिल्यांदाच जाताय?

सर, अभिनंदन. एक विनंती आहे. ध्येयवाक्यापासून सुरुवात करू नका, आधी तालुक्यांचा नकाशा घेऊन बसा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार हा आराखडा पाच वर्षांचा असतो आणि नवं महाविद्यालय कुठे निघणार, हे त्यावरूनच ठरतं. त्यामुळे त्यातल्या एकेका ओळीला वजन आहे. प्रत्येक तालुक्यातली बारावी पास मुलं, मंजूर जागा आणि भरलेल्या जागा शेजारी शेजारी मांडा. जागा रिकाम्या दिसल्या की लगेच ‘गरज नाही’ असा शेरा मारू नका. आम्ही एका गावाबाबत तो मारला होता. नंतर तिथे गेलो, तर कॉलेज सुटायचं साडेबाराला आणि परतीची एसटी चारला. मुली स्टँडवर डबा उघडून बसलेल्या. गरज होती, गाडी नव्हती. ते अजून मनाला लागून आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे कॉलेजच्या वयाच्या शंभर मुलांमागे प्रवेश घेतलेल्यांची संख्या, ५० टक्क्यांवर न्यायचं आहे. हा आकडा सगळेच लिहितात. तुम्ही त्याखाली दरवर्षीचा टप्पा, जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि अर्थसंकल्पातलं लेखाशीर्षही, म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर पडणार तेही, लिहा. लेखाशीर्ष नसलेलं काम कागदावरच राहतं.

मांडणी, छपाई कार्यालय बघेल. प्राध्यापकांच्या रिक्त पदांचं प्रकरण मात्र स्वतः लिहा. पाच वर्षांत कोण कधी निवृत्त होतंय, ती यादी आस्थापना विभागाकडून पहिल्याच आठवड्यात मागवा. यायला वेळ लागतो.