संध्याकाळचे सात

लेकरा,

तुझं पत्र मिळालं. वीस दिवस झाले, थेंबाला शिवला नाहीस. ‘काकाजी, दारूची एवढी आठवण नाही येत, संध्याकाळची येते,’ हे तुझं वाक्य वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. नेमकं तेच होतं. वावरातून आलं, हातपाय धुतले, की सात वाजता माणसानं जायचं कुठं? पानठेल्यावरचे सगळे सोबती पिणारेच. दारू सुटली की तेही सुटतात.

आपला वर्धा जिल्हा कित्येक वर्षांपासून दारूबंदीचा. तरी पव्वा कुठं मिळतो हे तुला मी काय सांगू! बंदी हवीच, या मताचा मी आहे. पण रिकाम्या संध्याकाळी शेजारी बसायला माणूसच लागतो.

माझी पहिली एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग तालुक्याला झाली, शाळेच्या एका खोलीत. हात असे थरथरत होते की कप धरवेना. चहा देणाऱ्या म्हाताऱ्यानं बाकीच्यांचे कप काठोकाठ भरले, माझा अर्धाच. बोलला काही नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. घरच्यांनी माझ्यासाठी नवस केले, शपथा घातल्या, रडले. पण ती थरथर त्यानं ओळखली, कारण कधीकाळी ती त्याच्या हातात होती. पुढच्या बुधवारी मी त्या अर्ध्या कपासाठी परत गेलो.

एए १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं, तेही एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर अशा दोन पिणाऱ्यांच्या बोलण्यातून. फी नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालं. आणि तिथं आडनाव विचारत नाहीत. आपल्याकडे आडनावावरून पुढचं सगळं काढतात, म्हणून मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

मीटिंग आठवड्यातून एकदा. बाकीच्या संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जात जा. देवाधर्माचं मन नसेल तर नुसती सतरंजी अंथरायला जा. हाताला काम असलं की चार माणसांत बसणं जड जात नाही.

पोळा जवळ आलाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कराला, जुने सोबती हाक मारतीलच. त्यांना वाईट बोलू नको, तेही आजारीच आहेत. तू पोळा फुटला की रात्रीच माझ्याकडे मुक्कामाला ये.

घसरलास तरी लपवू नको. मी दोनदा घसरलो. मात्र रोज पिणं परत सुरू झालं, तर मनानंच एकदम बंद करू नको. फिट येते, भास होतात, जिवावर बेततं. सरळ सरकारी दवाखाना गाठ. रात्री-बेरात्री जीव घाबरला तर मला फोन कर. मी नाही उचलला तर १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन लाव, तिथं चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं.

बुधवारी साडेपाचच्या एसटीत तुझी जागा धरून ठेवतो. आईला सांगून ये, जेवायला उशीर होईल.

तुझा,
काकाजी