ओट्यापाशी उभ्यानं खाल्लेलं कोण मोजतं?

या महिन्यात एकच पत्र घेतलंय. सांगलीहून आलंय आणि लांबलचक आहे. पण अशी पत्रं आपल्याकडं इतकी येतात की म्हटलं एकदा निवांत बोलूया.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहते. वय ४७, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो, लग्न झालं तेव्हा ५४ होतं. घरात आम्ही चौघं, मी, मिस्टर, सासूबाई आणि कॉलेजला जाणारा मुलगा. मला स्वयंपाकाची खूप आवड आहे, म्हणजे अगदी लहानपणापासून, आई रानात गेली की चुलीपाशी मीच असायचे, आणि आता भावकीत कुणाकडं कार्य असलं की चटणी करायला, भडंग करायला मलाच बोलावणं येतं. मागच्या महिन्यात सारखा थकवा यायला लागला म्हणून रक्त तपासलं तर तीन महिन्यांची साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले अजून शुगर झालेली नाही पण दारात येऊन उभी आहे. मग भात बंद, गोड बंद, तेलकट बंद, बटाटा बंद, अशी कागदावर यादीच दिली, आणि ओट्स, सॅलड, ग्रीन टी सुरू करायला सांगितलं. बारा दिवस केलं. तेराव्या दिवशी मुलासाठी भरली वांगी केली होती, त्या कढईत भाकरी पुसून उभ्याउभ्याच खाल्ली आणि रात्री रडत बसले. खरं सांगू का, मी जेवायला बसले की दीड चपाती आणि मूठभर भात एवढंच घेते, मग वजन वाढतं कशानं? चव बघावी लागते तेवढी बघते, मुलाच्या ताटात उरलं तर टाकवत नाही म्हणून खाते, पाचला जरा भूक लागते तेव्हा भडंग. चहा चार वेळा, दोन-दोन चमचे साखर. तेल महिन्याला सहा लिटर लागतं, तूप किलोभर. मिस्टरांना तर्री दिसल्याशिवाय घास उतरत नाही. स्वयंपाक सोडला तर माझ्याजवळ माझं असं दुसरं काय आहे?
ता.क. पुढच्या महिन्यात बेंदूर आहे, वीसेक माणसं येणार, पुरणपोळ्या मीच करणार. मी खाऊ का नको?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ती यादी ओट्यासमोर चिकटवली असेल तर आधी तिथनं काढा. डॉक्टरांची काळजी बरोबर आहे, त्यात वाद नाही, पण ती यादी करताना घरात स्वयंपाक कोण करतं हे कुणी विचारलेलं दिसत नाही, आणि तुमच्या बाबतीत सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आधी आकडे बघू. तीन महिन्यांची सरासरी साखर, रिपोर्टात एचबीए१सी लिहिलेली असते ती, ५.७ ते ६.४ टक्क्यांमध्ये असली की त्याला प्रीडायबेटिस म्हणतात, ६.५ पासून पुढं डायबेटिस. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ३१ च्या वर जातो, आणि आपल्या भारतीय शरीराला २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात, म्हणजे वजन कमी करायला पाहिजे हे खरंच. पण किती? ५४ वर परत जायचा विचार डोक्यातनं काढा. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाचा मोठा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला, त्यात तुमच्यासारख्या दारात उभ्या असलेल्या लोकांना वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच ध्येय दिलं होतं, तर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो! आणि आपल्याकडं चेन्नईच्या डॉक्टरांनी असाच अभ्यास केला, २००६ साली आला, त्यात तर लोकांचं वजन फारसं हललंही नाही तरी खाण्यात आणि चालण्यात बदल केल्यानं धोका साधारण २८ टक्क्यांनी उतरला. तेव्हा काटा हलला नाही म्हणून कधी रडायचं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही म्हणता मी जेवताना जास्त खात नाही, आणि मला ते शंभर टक्के पटतं. उलट मी म्हणेन तुम्ही जेवताना कमी खाता. दीड चपाती, मूठभर भात, त्यात उसळ किती, भाजी किती, ताक-दही आहे का, पत्रात त्याचा शब्द नाही. मग पाचला पोटात खड्डा पडतो, आणि त्या वेळी हाताशी काय असतं, भडंगाचा डबा. बाकी सगळं खाणं ओट्यापाशी उभ्यानं होतं आणि ते आपण कुणीच मोजत नाही.

हे मी अनुभवानं सांगतेय. माझं माहेर सातारचं. एका दिवाळीला फराळ करताना मी ठरवलं की चवीला जेवढं तोंडात टाकेन तेवढंच शेजारच्या वाटीतही काढून ठेवायचं. संध्याकाळी बघते तर वाटीभर चिवडा, तीन शंकरपाळ्या, अर्धा बेसनाचा लाडू, चकलीचे तुकडे, आणि मला आपलं वाटत होतं की आज कामाच्या नादात काही खाल्लंच नाही. तुम्ही फक्त तीन दिवस ही वाटी ठेवा, कढई पुसलेली भाकरी, मुलाच्या ताटातला भात, भडंगाची मूठ, सगळं. कुणाला दाखवायचं नाही, स्वतःला बोल लावायचा नाही, नुसतं बघायचं.

चव बघायला मनाई नाही, न बघता स्वयंपाक करणारीचा मला भरवसाच वाटत नाही. पण लहान चमचा घ्या आणि एका पदार्थाला एकदाच, मीठ घातल्यावर. ताटात उरलेल्याचं म्हणाल तर मुलगा कॉलेजला जातो, त्याला आधी कमी वाढा आणि लागेल तसं पुन्हा घेऊ दे. अन्न टाकू नये हे आपल्या आयांनी शिकवलं ते योग्यच आहे, पण आता फ्रीज आहे, उरलेला भात सकाळी फोडणीचा होतो, तो रात्रीच तुमच्या पोटात जायलाच पाहिजे असं नाही.

तेलाचा हिशोब मात्र मला बसून करावासा वाटला कारण तुम्ही आकडे दिलेत, फार कमी बायका देतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २,००० कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप धरून २७ ग्रॅम सांगितलंय. चौघांचं महिन्याचं सव्वातीन किलो होतं. तुमच्याकडं सहा लिटर तेल म्हणजे साडेपाच किलो आणि वर किलोभर तूप, साडेसहा किलो झालं, बरोबर दुप्पट! म्हणजे माणशी रोज २७ ग्रॅम जास्त, एका ग्रॅमला ९ कॅलरी, जवळजवळ २४० कॅलरी, ज्वारीची एक चांगली भाकरी झाली. ही भाकरी घरातला प्रत्येकजण रोज न दिसता खातोय. यात मिस्टर आले, सासूबाई आल्या, म्हणून हा तुमच्या एकटीच्या वजनाचा विषय नाही आणि तुमच्यासाठी वेगळं उकडलेलं करायची तर मुळीच गरज नाही.

एकदम निम्मं करू नका, घरात भांडणं होतील आणि जिभेलाही वेळ लागतो. या महिन्यात पाच लिटर आणा, पुढच्या महिन्यात चार, मग साडेतीनच्या आत तेल-तूप दोन्ही. त्या वेळी रोज सकाळी चौघांचं दिवसाचं तेल-तूप मिळून शंभरेक ग्रॅम वाटीत काढायचं आणि बाटली वर फळीवर. पळीनं ओतायचं बंद, चमच्यानं मोजायचं. अख्खा मसूर करताना कांदा तेलात पोहायला लागतो असं आपल्याला वाटतं, पण थोड्या तेलात टाकून झाकण ठेवून मधेमधे पाण्याचा हबका मारत परतला की तसाच लाल होतो, वेळ जरा जास्त लागतो. वाटणासाठी कांदा गॅसवर भाजा, खोबरं कोरडंच भाजा, सुक्या खोबऱ्यात स्वतःचंच तेल भरपूर असतं. आणि मिस्टरांची तर्री, ती शेवटी करा, दोन चमचे तेलात कांदा-लसूण चटणी गॅस बंद करून टाकायची आणि वरून ओतायची, सगळा रंग वरच राहतो, ताटात लालभडक दिसतं आणि पातेल्यात तेल गेलेलं नसतं. भडंगाचे कुरमुरे आधी कोरडे, मंद आचेवर चांगले कुरकुरीत करून घ्या, शेंगदाणे वेगळे भाजा, मग फोडणी निम्म्या तेलात पुरते. हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल, तुमचा हात आहे त्यात. तुम्हाला स्वयंपाक सोड म्हणणाऱ्या माणसाला हे कळत नाही की ही साखर परतवायची सगळ्यात मोठी सोय तुमच्याच हातात आहे.

चहा. आठ चमचे साखर म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम. हैदराबादच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलीय, म्हणजे गोडाचा एक कण न खाता चहातच ओलांडली. चारचे दोन चहा करा, मग दोन चमच्यांचा दीड, एक. आपल्या उसाच्या मुलखात गूळ घातला की चालतं असं सर्रास म्हणतात, पण रक्तातल्या साखरेला गूळ, काकवी, साखर यातला फरक फारसा कळत नाही. हळदीच्या पाण्याचंही तसंच, सांगलीची हळद जगात जावो, आमटीत छानच आहे, पण त्या पाण्यानं वजन उतरत नाही.

आता जेवणाचं. दुपारी बसून, ताट वाढून घेऊन जेवायचं. आधी काकडी-गाजराची कोशिंबीर आणि वाटीभर उसळ, मटकी घ्या, मसूर घ्या, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर फारच छान, मग पालेभाजी आणि एक भाकरी, शेवटी थोडा भात. भात बंद नाही. उसळ-भाजी आधी पोटात गेली की नंतरच्या भात-भाकरीनं साखर तेवढी झपकन चढत नाही. भाकरीला तेल लागत नाही म्हणून ती बरी, पण ज्वारी आहे म्हणून तीन खायच्या नाहीत. पाचला भूक लागली तर एक छोटी वाटी भडंग, डबा बंद करून, खुर्चीत बसून खा.

रात्री जेवल्यावर लगेच भांडी घासायला उभं राहू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. सकाळी आमराईत जाता आलं तर सोन्याहून पिवळं, एखादी मैत्रीण सोबत घ्या, पाऊस असला तर गच्चीच्या जिन्याखाली नाहीतर घरातल्या घरात. एकदा थायरॉइड तपासून घ्या, या वयात पाळीही बदलत असते आणि थकव्याला तेही कारण असू शकतं, हिमोग्लोबिनही बघा. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासा. हे सगळं तुमच्या डॉक्टरांना दाखवा, लपवून काही करू नका.

आणि बेंदूर. पोळ्या तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाच्या हातची कशाला. किलोभर डाळीला आपण किलोभर गूळ घालतो, पाऊण किलो घाला, जायफळ-वेलची जरा सढळ, कुणाला कळणार नाही. पुरणाची चव एकदाच बघायची. त्या दिवशी सकाळी उपाशी राहायचं नाही, कारण उपाशीपोटी वीस माणसांच्या पोळ्या लाटणारी बाई तव्यापाशीच तीन पोळ्यांचे तुकडे खाते आणि मग शेवटच्या पंगतीला म्हणते मला भूक नाही. पहिल्या पंगतीपुरत्या पोळ्या झाल्या की लाटणं जावेच्या हातात द्या, सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. हात धुवा आणि मुलाशेजारच्या पाटावर बसा, कोशिंबीर, वाटीभर कटाची आमटी, दोन पोळ्या, त्यावर चमचाभर तूप, आणि सावकाश, गरम असतानाच खा.