सर्व्हरचं बिल कोण भरणार?

प्रश्न: मी यावलचा. चार वर्षांपासून केळीचे रोजचे भाव दाखवणारी साइट फुकट चालवतोय, सकाळी स्वतः फोन करून भाव घेतो. आता पार चोपड्यापर्यंत लोक बघतात, बिल महिन्याला दीड हजारावर गेलं. खाली क्यूआर कोड टाकला तर एकाचा मेसेज, "आता धंदा मांडला का भाऊ?" बंद करू का?

उत्तर: नका हो भाऊ, एवढ्यात नका. भरीत पार्टीची वर्गणी कुणी नाकारत नाही कारण वांगी डोळ्यासमोर भाजली जातात, सर्व्हर कुणाला दिसतोय? ते ओपनएसएसएल घ्या, साइटवरची माहिती गुप्त ठेवणारं फुकट सॉफ्टवेअर, अर्ध्या इंटरनेटची कुलपं त्याच्यावर, आणि देणग्या यायच्या वर्षाला जेमतेम २००० डॉलर. २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाची सुरक्षेची चूक सापडली, बोंब झाली, तेव्हा कुठे बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशन या संस्थेमार्फत पैसे काढले. आपल्याकडे बोंब होईपर्यंत थांबू नका, या महिन्याचं बिल आहे तसं साइटवर टाका, किती जमले, किती कमी पडले तेही लिहा. विकिपीडियासुद्धा जाहिराती न घेता असंच वाचकांकडे मागतो. शेतकऱ्याकडून दहा-वीस आले तरी चालतील, पण ठिबकवाले, खतवाले, ज्यांचं गिऱ्हाईक तिथेच आहे, त्यांना सरळ फोन लावा. फक्त केळीच्या व्यापाऱ्याचे पैसे नको, उद्या तो म्हणेल आजचा भाव जरा कमी दाखव (म्हणेलच!). आणि रोजच्या त्या फोनांचा तुमचा एक तासही हिशोबात लिहा, लाजू नका.